गळालेली ब्याऐंशी नावं

ज्योती सोळंके दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये पायथन प्रोग्रॅमिंग शिकवते. खाली चपलांचं दुकान, त्यावर मुलींचं हॉस्टेल आणि तिसऱ्या मजल्यावर तिचा वर्ग. दिवसाला तीन बॅचेस. नलगोंडा, सूर्यापेट, महबूबनगर इकडून आलेली मुलं-मुली खुर्चीच्या हातावर लॅपटॉप तोलून बसतात आणि तिच्याकडे बघत राहतात, जणू नोकरी तिच्या पर्समध्येच आहे. वर्गात ती तेलुगू आणि इंग्रजी बोलते, ऑटोवाल्याशी दखनी आणि घरी आईशी मराठी. छत्तीस वर्षांत यातली कुठली भाषा आपली, असा प्रश्न तिला पडलेला नाही. मराठी वाचायला मात्र ती अडखळते. शाळेत मराठी नव्हतं. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शिकवलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते तिला तिथी वाचायला लावत, आणि महिना संपला की पान उलटून मागची पाककृती. त्यामुळे तिला अंगारकी आणि अळूवडी हे शब्द सराईतपणे वाचता येत, आणि वर्तमानपत्रातला साधा मथळा वाचताना घाम फुटे.

प्रत्येक बॅचला दुसऱ्या आठवड्यात ती एकच गणित घालते. तीन याद्या. त्यांची मिळून एक यादी करायची, कुठलंही नाव दुसऱ्यांदा यायला नको, आणि सगळी क्रमानं लागलेली हवीत. मुलं एकात एक लूप अडकवून थकली, की ती फळ्यावर एक पिशवी काढते. या पिशवीला सेट म्हणतात, ती सांगते. हिच्यात एकदा गेलेली गोष्ट पुन्हा जात नाही. तुम्ही दहा वेळा टाका, पिशवी भांडत नाही, काही बोलत नाही. फक्त घेत नाही.

मुलांना ही पिशवी फार आवडते. इतकं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं, असं त्यांच्या तोंडावर दिसतं.

वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. शिवराज व्यंकटराव सोळंके. भालकीजवळच्या एका गावातून कोवळ्या वयात हैदराबादला आले, सिटी बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाले आणि निवृत्त होईपर्यंत बसच्या पोटाखाली आडवे राहिले. त्यांच्यासारखी जुन्या निजामी मुलखातून आलेली शेतकरी घरं शहरात तीन ठिकाणी वसली. आधी अफझलगंजच्या बाजारात, मग विद्यानगरला, आणि पुढची पिढी दिलसुखनगरला. या घरांचं एक मंडळ आहे. मंडळ गणपती बसवत नाही, सहली काढत नाही. वर्षातून एकदा, सर्वपित्री अमावास्येला, विद्यानगरच्या एका हॉलमध्ये जमतं आणि आपल्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचतं. समोर पाण्यानं भरलेली पितळी परात असते. आपल्या माणसाचं नाव आलं, की त्या घरातल्या कुणीतरी उठायचं आणि परातीत एक फूल सोडायचं. शहरात ज्यांना घरी काही करणं जमत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी कधीतरी सुरू केलेली ही रीत. आता ज्यांना जमतं तेही इथंच येतात.

गेल्या वर्षी ज्योती पहिल्यांदा वडिलांसाठी फूल घेऊन गेली. तेव्हा तिन्ही वस्त्यांच्या याद्या एकापाठोपाठ एक वाचत असत. विद्यानगरच्या यादीत शिवराज सोळंके आले. ती उठली, पांढरं तगरीचं फूल पाण्यात सोडलं, हात जोडले, जागेवर येऊन डोळे पुसले. अर्ध्या तासानं दिलसुखनगरच्या यादीत शिवराज सोळंके पुन्हा आले. घर बदललं तेव्हा दोन्हीकडे नाव लागलं होतं. ती नकळत अर्धी उठली. हातात फूल नव्हतं. परातीशेजारी पुढचे लोक थांबले होते. मागच्या रांगेतून तिचा चुलतभाऊ विकास हळूच म्हणाला, "काकांना डबल ड्यूटी लागली गं." दोन-तीन जण हसले. हसणं वाईट नव्हतं, वडील असते तर तेही हसले असते. पण ती खाली बसली तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. ते रिकामे हात तिला वर्षभर आठवत राहिले.

म्हणून यंदा मंडळाच्या बैठकीत ती आपणहून म्हणाली, "याद्या मी एक करून देते. एक माणूस, एक नाव. अकारविल्हे."

विद्यानगरची यादी एक्सेलमध्ये होती. दिलसुखनगरची व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, एका लांबलचक मेसेजमध्ये. अफझलगंजची लक्ष्मणरावांकडे.

लक्ष्मणराव ऐंशी ओलांडलेले. बाजारात बियाण्याच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. नावं वाचण्याचं काम गेली तीस वर्षं त्यांच्याकडे, आणि सगळ्यांत जुनी यादी त्यांच्या हातची, लाल कापडी बांधणीच्या वहीत. कोण कधी गेलं त्या क्रमानं लिहिलेली, पुढे साल आणि गाव. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हिरवा चष्मा लावून ते गॅलरीत बसले होते. वही देताना त्यांनी ती लगेच सोडली नाही.

"तुझ्या मशीनला या लोकांची ओळख आहे का?"

"ओळख लागत नाही काका. नाव लागतं."

"अच्छा," ते म्हणाले. "माझं उलटं होतं. नाव विसरायचो कधीकधी, माणूस नाही." मग वही सोडली. "वाचत जा जरा. नुसती टिपत जाऊ नकोस."

पण वाचणं तिला जड जात होतं आणि दिवस थोडे होते. जुनं वळणदार अक्षर, पुसट झालेली शाई. चार संध्याकाळी बसून तिनं वही टाइप केली. फक्त नावं. साल आणि गाव तिनं सोडून दिलं, कारण बाकीच्या दोन याद्यांत ते नव्हतंच, आणि तिन्ही एका मापाच्या हव्या होत्या. मग वर्गात शिकवते तेच केलं. तिन्ही याद्या एकीपुढे एक जोडल्या. नावांमधल्या जादा मोकळ्या जागा काढल्या, कुठे राव जोडून होता, कुठे तोडून, ते सारखं केलं. सगळं पिशवीत घातलं आणि बाहेर काढून क्रमानं लावलं. चार ओळींचं काम.

आत गेली चारशे त्र्याहत्तर नावं. बाहेर आली तीनशे एक्क्याण्णव.

ब्याऐंशी गळाली. तो आकडा बघून तिला हलकं वाटलं. कुणीतरी गच्च भरलेलं कपाट आवरून दिल्यासारखं. ती खाली श पर्यंत गेली. शिवराज व्यंकटराव सोळंके, एकदाच. लक्ष्मणरावांना दिसावीत म्हणून तिनं मोठ्या टाइपात पानं छापून घेतली.

यंदा अमावास्या रविवारी आली, त्यामुळे हॉल भरला. लक्ष्मणराव खुर्चीत बसून वाचत होते. अ पासून ह पर्यंत, मधे दोनदा पाणी पिऊन. त्यांच्या आवाजात रडणं नसे की गोडवा. बाजारात पोत्यांची नावं पुकारावीत तसा तो सरळ आवाज, आणि म्हणूनच प्रत्येक नाव खरं वाटे. कुणी दोनदा उठलं नाही. कुणी हसलं नाही. शिवराज सोळंके आले तेव्हा ज्योतीनं शांतपणे जाऊन फूल सोडलं. विकास तिच्याकडे बघून म्हणाला, "बढिया केलंस गं. एक तास वाचला."

जेवणं झाली आणि लोक जिन्यावरून उतरायला लागले. ज्योती दाराशी उभी राहून खुर्च्या मोजत होती. तेव्हा तिला मंगलाबाई दिसल्या. अफझलगंजच्या सुतळीच्या दुकानवाल्यांकडच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, एक हात कठड्याला. दुसऱ्या हातात मिटलेल्या मुठीतून पिवळ्या शेवंतीचा देठ बाहेर आला होता.

"मावशी, फूल राहिलं का तुमचं?"

मंगलाबाईंनी मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. "हौ, राहिलं," त्या म्हणाल्या. "दोन आणले होते. असू दे." आणि मुलाच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसून गेल्या. फूल तसंच मुठीत.

ज्योती खुर्च्या मोजायची थांबली. रिकामे हात तिला ठाऊक होते. भरलेला हात घेऊन परत जाणारं माणूस ती पहिल्यांदा बघत होती.

घरी आल्यावर तिनं साडीही बदलली नाही. लॅपटॉप उघडला. आईनं विचारलं, "आज रविवार ना?" तिनं मान हलवली आणि लिहायला लागली. आठ दिवसांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते आता विचारलं. काय उरलं ते नव्हे, काय गेलं ते दाखव. ब्याऐंशी नावं पडद्यावर आली. तिनं ती एकेक करून वाचली, बोट ठेवून, अडखळत. बहुतेकांना ती ओळखत होती. हे विद्यानगर सोडून दिलसुखनगरला गेलेले. हे अफझलगंजहून मुलाकडे गेलेले. दोन याद्यांत एक माणूस, बरोबर होतं ते.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. एकाच यादीत दोनदा आलेलं नाव आहे का?

एकच होतं. पद्मावती एकनाथराव बिरादार. लक्ष्मणरावांच्या वहीत, दोनदा.

तिनं वही उघडली. पहिल्याच पानावर, सातवी ओळ. साल सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा. मग खूप पानं पुढे, वेगळ्या शाईत, एक्क्याण्णव. गाव तेच. दोन मरणांच्या मधे त्रेचाळीस वर्षं. सालाचा रकाना तिनं ठेवला असता तर पिशवीनं दोघींनाही घेतलं असतं.

तिनं लक्ष्मणरावांना फोन लावला.

"दोघी आहेत," ते म्हणाले. आश्चर्य वाटल्यासारखं नव्हे. "तुला काय वाटलं, मी डुलक्या घेत लिहिलं?"

"मग सकाळी तुमच्या लक्षात नाही आलं, काका?"

"माझ्या वहीतला रस्ता मला पाठ आहे," ते म्हणाले. "कोणाच्या मागे कोण येतं ते. तुझी अकारविल्हे यादी म्हणजे नवीन गल्ली. तिथं मी फक्त पाट्या वाचत गेलो." मग म्हणाले, "मंगलाकडे जा. आजच जा. उद्या घट बसतात, मग पितरांचं काही करता येत नाही. आणि पुढच्या वर्षाचं आमच्या वयात कुणी सांगावं."

चार वाजले होते. तिनं छापलेली पानं घेतली, वही पिशवीत टाकली आणि ऑटोत बसली. अमावास्येचा रविवार, मुसी नदीच्या पुलावर गर्दी. ऑटोवाला आरशातून म्हणाला, "बहोत परेशान दिख रहे, मॅडम. दवाखाना जाना क्या?" ती नाही म्हणाली. वर्गात चुकलं तर ओळ खोडता येते, पुन्हा चालवता येतं. सकाळ पुन्हा चालवता येत नव्हती.

मंगलाबाई दुकानाच्या वरच्या खोलीत राहत. पलंग, देव्हारा, सुतळीचा आणि ताज्या धुतलेल्या फरशीचा वास. खिडकीत एका पितळी तांब्यात शेवंतीचं ते फूल ठेवलेलं होतं.

ज्योतीनं जे झालं ते सगळं सांगितलं. पिशवीची गोष्टही सांगितली, कारण तिला दुसऱ्या शब्दांत सांगता आलं नसतं. मंगलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या पिशवीला वाटलं एकच बाई आहे."

"हो."

"आमच्या घराला पण तेच वाटलं होतं."

त्या उठल्या, फूल काढून बाजूला ठेवलं, तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि तांब्या ज्योतीच्या हातात दिला. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. पद्मावती एकनाथराव बिरादार.

"मी आठ महिन्यांची होते तेव्हा आई गेली. तापानं. फोटो नाही, काही नाही. वर्षानं बापानं दुसरं केलं. तिचं माहेरचं नाव गोदावरी. माझी आजी म्हणाली, घरातल्या सगळ्या भांड्यांवर पद्मावती कोरलेलं आहे, नवीन नाव कायको? तेच ठेवा. ठेवलं."

"आणि तुम्हाला त्यांनी..."

"वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, लग्न केलं. मी कधी सावत्र म्हटलं नाही, तिनं कधी म्हणू दिलं नाही. पण माझ्या आईचं असं काही पाहिजे ना गं आईला. सगळं हिच्याकडं आलं होतं. भांडी, नवरा, पोर, नाव." त्यांनी तांब्या परत घेतला. "लक्ष्मणराव वहीतून वाचायचे तेव्हा सुरुवातीलाच एक पद्मावती यायची. ती आईची. मी उठून एक फूल टाकायची. मग बऱ्याच वेळानं दुसरी. ती हिची. तेवढं एक ठिकाण होतं, जिथं दोघी वेगळ्या होत्या."

खाली दुकानाचं अर्धं शटर ओढल्याचा आवाज झाला.

"सकाळी काय केलंत?" ज्योतीनं विचारलं.

"नाव आलं. मी उठले. दोन फुलं हातात. एक टाकलं, आणि वाटलं, दुसरं येईलच. मग लगेच पांडुरंग आले. मी तिथंच उभी. म्हणजे आता हे टाकलेलं कुणाचं?" मंगलाबाईंचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "आईला दिलं म्हणावं तर जिनं वाढवलं ती उपाशी. तिला दिलं म्हणावं तर आई परत तशीच. मी इथवर स्कूटरवर तेवढंच करत आले. काही ठरलं नाही."

ज्योतीला सॉरी म्हणायचं होतं. तो शब्द ती दिवसातून दहा वेळा म्हणते, मुलांना, ऑटोवाल्यांना, सेंटरच्या मालकाला. इथं तो तोंडातून निघेना. ती म्हणाली, "मी आत्ता वाचते, मावशी. दोघींचं नाव. दुसऱ्या ओळीत गोदावरी लिहू का?"

"नको." पहिल्यांदाच त्या पटकन बोलल्या. "त्या नावाला ती चाळीस वर्षं ओ देत होती. आता तिला अनोळखी नावानं कुठं हाक मारतेस? दोन्ही तसंच वाच." मग थांबून म्हणाल्या, "आणि ही दोनच नको वाचू. एकट्यादुकट्याला हाक मारल्यासारखं होतं. सगळ्यांमध्ये पाहिजेत त्या. वाचायची तर पूर्ण वाच."

"तीनशे ब्याण्णव आहेत."

"मग? मला कुठं जायचंय?"

मंगलाबाईंनी स्वयंपाकघरातून परात आणली, पाण्यानं भरली आणि जमिनीवर ठेवली. त्या पलंगाला टेकून बसल्या, फूल मांडीवर. ज्योतीनं पेनानं प च्या पानावर एक ओळ वाढवली. मग उजेड होता म्हणून खिडकीशी बसली आणि अ पासून सुरुवात केली.

ती हळू वाचत होती. जोडाक्षराशी थांबत होती. तिचा आवाज लक्ष्मणरावांसारखा सरळ नव्हता. अडखळली की मंगलाबाई न बघता नाव पुरं करत. "ज्ञानोबा. आमच्या समोरचे. फार शिव्या द्यायचे." किंवा "तुळजाबाई. हिच्या हातची भाकरी." किंवा नुसतंच "हौ." त संपेपर्यंत ज्योतीच्या ध्यानात आलं, की आपण ही नावं टाइप केली होती, गाळली होती, लावली होती, छापली होती, आणि आज पहिल्यांदा वाचतो आहोत. लक्ष्मणराव वही सोडत नव्हते ते यासाठी.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं. खालच्या बाजारात कुणीतरी ओरडून कुणालातरी टेंपो मागे घ्यायला सांगत होतं. प चं पान आलं.

"पद्मावती एकनाथराव बिरादार," ज्योतीनं वाचलं.

मंगलाबाई हलल्या नाहीत. हे सकाळी झालं होतं.

खाली पेनानं लिहिलेली ओळ होती. ज्योतीला ती पाठ होती, तरी तिनं त्यावर बोट ठेवलं, लहानपणी कॅलेंडरवर ठेवायची तसं.

"पद्मावती एकनाथराव बिरादार."

मंगलाबाईंनी मांडीवरचं फूल उचललं आणि वाकून पाण्यात सोडलं. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि ज्योतीनं विचारलं नाही. फूल परातीत एकदा फिरलं आणि कडेला लागलं.

"वाच पुढं," मंगलाबाई म्हणाल्या. "पांडुरंग थांबलेत."

ज्योतीनं पान सरळ केलं. पांडुरंग वाचले, पार्वती वाचल्या, पुंडलिक वाचले. श यायला अजून बराच वेळ होता, आणि उजेड पुरेल असं दिसत होतं.